तबकड्यांचा संग्राहक आणि श्रोता

संग्रहाची हौस मनुष्यास कोठवर नेईल हें सांगतां येत नाहीं. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी हस्तलिखित पोथ्या. ह्यांपैकीं बहुतेक छंदांत एक गोष्ट समान असते; ती ही कीं, जमविलेल्या वस्तूचा मूळचा उपयोग संपलेला असतो. शिवराई घेऊन कोणी मंडईंत भाजी आणावयास जात नाहीं, आणि वहींत चिकटविलेलें तिकीट पुन्हां पाकिटावर चढत नाहीं. परंतु पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा जो छंद युरोप-अमेरिकेंत फोफावला आहे, आणि ज्याचे थोडे परंतु निष्ठावंत उपासक आपल्या मुंबई-पुण्याकडेहि आढळतात, त्याची गोष्ट निराळी आहे. येथें जमविलेली वस्तु अद्यापि बोलते. सुई टेकतांच साठ-सत्तर वर्षांपूर्वीं दूरच्या एका शहरांत बसलेले ऐंशी-नव्वद वादक आपल्या दिवाणखान्यांत वाजवूं लागतात. मात्र सुईच्या प्रत्येक फेरीबरोबर तबकडी कणभर झिजते. वाजवावी तर झिजते, न वाजवावी तर मुकी राहते. ह्या पेंचांतूनच ह्या छंदाविषयींचा खरा प्रश्न उभा राहतो: तबकडी ही जपण्याची वस्तु कीं ऐकण्याची?

हा प्रश्न आम्हीं निव्वळ वादासाठीं घेतलेला नाहीं. आमचे एक स्नेही गेल्या वर्षीं निवर्तले. नोकरीच्या मिळकतींतून, पोटाला चिमटा घेऊन, त्यांनीं सुमारें सहाशें तबकड्या जमविल्या होत्या. त्यांच्या पत्नीनें एके दिवशीं आम्हांस बोलावून कपाटाच्या किल्ल्या पुढें ठेवल्या आणि म्हटलें, "भाऊजी, ह्यांनी जन्मभर हेच केलं. आता त्याची किंमत काय ती तुम्हीच सांगा." किंमत ह्या शब्दाचा त्यांच्या मनांतील अर्थ अगदीं सरळ होता. घर लहान, मुलगा परगांवीं, आणि पैशाची गरज. आम्ही कपाट उघडून बसलों, तेव्हां वरच्या खणांत एक वही सांपडली. तींत प्रत्येक तबकडीपुढें कंपनीचा क्रमांक, मधल्या कागदाचा रंग, ध्वनीची खांच संपल्यावर जो गुळगुळीत पट्टा उरतो त्यावर कोरलेलीं अक्षरें, आणि मोजलेले रुपये, एवढेंच नोंदलेलें होतें. संगीताविषयीं एक शब्दहि नव्हता. वही मिटतांना आपल्या मित्राविषयीं आमच्या मनांत जो विचार आला तो फारसा उदार नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि निवाडा करण्यापूर्वीं त्या अक्षरांचा आणि अंकांचा अर्थ वाचकांस सांगणें अवश्य आहे; कारण ते निरर्थक नाहींत. जुनी तबकडी लाखेची असे, मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई, आणि तिची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपे. एवढ्या अवधींत आपली एखादी ठुमरी कशीबशी बसे; सिंफनीचे मात्र तुकडे करावे लागत. जून १९४८ मध्यें न्यूयॉर्क येथें कोलंबिया कंपनीनें व्हायनिल नांवाच्या प्लास्टिकची, बारीक खांचेची, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी तबकडी लोकांपुढें मांडली. तिची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चाले. त्या नव्या मालेच्या बारा इंची यादींत पहिला क्रमांक मेंडेल्सोनच्या व्हायोलिन-कन्चेर्टोचा होता. व्हायोलिन नेथन मिल्स्टीन ह्यांचें, आणि संचालक ब्रूनो वाल्टर. पुढें दहा वर्षांनीं, १९५८ च्या सुमारास, उजव्या आणि डाव्या बाजूस निरनिराळे ध्वनि देणारी स्टीरिओ तबकडी बाजारांत आली.

संग्राहक ज्यास सुवर्णकाळ म्हणतात तो ह्याच सुमाराचा. १९५१ सालीं मर्क्युरी कंपनीनें शिकागोच्या वाद्यवृंदासमोर एकच मायक्रोफोन टांगला, आणि राफाएल कूबेलिक ह्यांच्याकडून मुसोर्ग्स्कीचें 'चित्रप्रदर्शन' वाजवून घेतलें. त्याच वाद्यवृंदाकडून मार्च १९५४ मध्यें आर. सी. ए. कंपनीनें फ्रिट्झ रायनर ह्यांच्या हाताखालीं रिखार्ड श्ट्राउसच्या कृति स्टीरिओंत टिपल्या. त्या वेळीं तशी तबकडी निघालीहि नव्हती. लंडनमध्यें डेका कंपनीचे तंत्रज्ञ किंग्जवे हॉलमध्यें संचालकाच्या डोक्यावर एका त्रिशाखी आडव्या दांड्यास तीन मायक्रोफोन अडकवीत. त्या सभागृहाखालून भुयारी आगगाडी जात असे, आणि तिची घरघर कित्येक तबकड्यांत उतरली आहे. संग्राहक ती घरघर कौतुकानें ऐकतात. ह्या कौतुकांत भोळेपणा आहे, पण तथ्यहि आहे. थोड्या मायक्रोफोनांमुळें सबंध वाद्यवृंद एकाच हवेंत, एकाच भिंतींच्या आंत वाजतांना ऐकूं येतो. पुढें वाद्यावाद्यांपुढें वेगळा मायक्रोफोन ठेवून त्यांचें मिश्रण मागाहून टेबलावर करण्याची पद्धत आली. तीमुळें प्रत्येक वाद्य स्पष्ट झालें, परंतु तीं सर्व एका खोलींत बसलीं आहेत ही भावना पुष्कळदां हरपली.

आतां त्या कोरीव अक्षरांकडे वळूं. मूळ तबकडी यंत्रानें कोरतात. तीवरून धातूचा उलटा ठसा घेतात, त्यावरून सुलटा, आणि त्यावरून छापण्याचे साचे. प्रत्येक साचा कांहीं तबकड्या छापून झिजतो. ज्यांनीं झिजल्या खिळ्यांनीं छापलेलें पुस्तक आणि त्याच पुस्तकाची ताज्या खिळ्यांची पहिली आवृत्ति शेजारीं ठेवून पाहिली असेल, त्यांस पहिल्या छापेचा आग्रह एकदम पटेल. गुळगुळीत पट्ट्यावरील अक्षरांवरून कोणती कोरणी, कोणता साचा, ह्याचा मागोवा लागतो. ही एक प्रकारची पाठचिकित्सा आहे, आणि जो समाज ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांसाठीं भांडतो त्यानें तिला हंसूं नये.

दोष पुढें सुरू होतो. १९७३ सालीं निघालेल्या एका अमेरिकन नियतकालिकाच्या संपादकांनीं, हॅरी पिअर्सन ह्यांनीं, ध्वनीच्या दृष्टीनें उत्कृष्ट तबकड्यांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचा परिपाठ ठेवला. यादींत नांव आलें कीं त्या तबकडीचा भाव चढे. हळूहळू लोक कानांनीं ऐकून यादी पडताळण्याऐवजीं यादी वाचून कानांस पटवूं लागले. मधल्या कागदाचा रंग हा प्रथम उत्तम ध्वनीची खूण होता. तोच पुढें मोलाचें कारण झाला. आमच्याच पदरीं ह्याचा एक धडा आहे. एका विक्रेत्याकडून आम्हीं एकदां पहिल्या छापेची एक तबकडी बरेच पैसे मोजून घेतली. रंग बरोबर, अक्षरें बरोबर, पृष्ठभाग आरशासारखा. घरीं आणून लावली, तों वाद्यवृंदानें जोर धरतांच कर्कश फाटका आवाज येऊं लागला. पूर्वींच्या कोणा मालकाच्या जड सुईनें खांचेच्या भिंती सोलून काढल्या होत्या, आणि ती इजा डोळ्यांस दिसत नाहीं. आम्हीं डोळ्यांनीं खरेदी केली होती.

येथें यंत्राची एक मर्यादा सांगणें जरूर आहे, कारण तिचा संगीताशीं फार निकटचा संबंध आहे. तबकडी फिरते एकाच गतीनें, परंतु बाहेरचें वर्तुळ मोठें आणि आंतलें लहान. त्यामुळें बारा इंची तबकडीच्या आरंभीं सुईखालून सेकंदास सुमारें ५१ सेंटिमीटर खांच सरकते, तर शेवटीं जेमतेम २१. म्हणजे तोच ध्वनि अर्ध्याहून कमी जागेंत कोंबावा लागतो. आतां सिंफनी ही बहुधा शेवटीं चढणारी रचना. तिचे कर्णे आणि नगारे अखेरच्या पानांवर एकवटतात. संगीतकार जेथें सर्वांत अधिक मागतो, नेमकें तेथें यंत्र सर्वांत कमी देतें. आणि जी सिंफनी गाजत न संपतां विरत संपते, तिचा मंद शेवट आणि तबकडीची खरखर ह्यांची गांठ पडते.

अशी एक सिंफनी म्हणजे गुस्टाव्ह माहलर ह्यांची नववी. आमच्या प्रश्नाचा निकाल तिच्या दोन ध्वनिमुद्रणांच्या आधारें लावतां येईल असें आम्हांस वाटतें. माहलर १८ मे १९११ रोजीं वारले; ही कृति त्यांनीं स्वतः कधीं ऐकली नाहीं. त्यांचे तरुण सहकारी ब्रूनो वाल्टर ह्यांनीं ती २६ जून १९१२ रोजीं व्हिएन्नांत प्रथम सादर केली. त्याच शहरांत, त्याच वाद्यवृंदाकडून, १६ जानेवारी १९३८ रोजीं वाल्टर ह्यांनीं ती पुन्हां सादर केली, तेव्हां हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें प्रत्यक्ष मैफलींतच तिचें मुद्रण केलें. ह्या कृतीचें हें पहिलेंच ध्वनिमुद्रण. मुद्रणाची व्यवस्था पाहणारे गृहस्थ फ्रेड गायसबर्ग. ह्यांनींच १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहरजानचा आवाज टिपला होता. लाखेच्या दहा तबकड्या, वीस बाजू. सबंध सिंफनी ऐकण्यास एकोणीस वेळां उठावें लागे. पुढें हेंच मुद्रण व्हायनिलवर उतरलें, आणि तेव्हां कोठें त्याचा प्रवाह अखंड झाला.

त्या मैफलीनंतर दोन महिन्यांच्या आंत, १२ मार्च १९३८ रोजीं, जर्मन सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें. वाल्टर ज्यू कुळांतले. ते बाहेर होते, ते परतले नाहींत, आणि पुढील वर्षीं अमेरिकेस गेले. वादकांत अग्रस्थानीं आर्नोल्ड रोझे होते. माहलरचे मेहुणे, आणि १८८१ पासून त्या वाद्यवृंदाचे मुख्य व्हायोलिनवादक. त्यांस पद सोडून लंडनला आश्रय घ्यावा लागला. तेथेंच ते १९४६ सालीं वारले. त्यांची कन्या आल्मा, तीहि व्हायोलिनवादक, एप्रिल १९४४ मध्यें आउश्विट्झच्या छावणींत मरण पावली.

वाल्टर ह्यांनीं ही सिंफनी पुन्हां मुद्रित केली ती १९६१ च्या आरंभीं, कॅलिफोर्नियांत. वय ८४, हृदयविकार जडलेला, आणि समोर कंपनीनें त्यांच्यासाठीं जमविलेला वाद्यवृंद. ह्या वेळीं स्टीरिओ होतें, श्रोते नव्हते, आणि चुकलेला भाग पुन्हां वाजविण्याची सवड होती. पुढील वर्षीं १७ फेब्रुवारीस ते वारले. आतां दोन्ही शेजारीं ठेवून ऐका. पहिलें सुमारें ७० मिनिटांत संपतें, दुसऱ्यास ८० हून अधिक लागतात. पहिल्या भागालाच १९३८ मध्यें सुमारें २५ मिनिटें पुरलीं, १९६१ मध्यें २९ लागलीं. व्हिएन्नाच्या वादनांत घाई आहे, कोठें कोठें वादक एकमेकांस गांठतां गांठतां पुढें जातात, आणि श्रोत्यांचा खोकला स्पष्ट ऐकूं येतो. परंतु तेथील तंतुवाद्यें एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना मधली वाट घसरत जातात. आपल्या कानास ती तत्काळ मींड वाटते, आणि परकें संगीत एकाएकीं ओळखीचें होतें. १९६१ च्या वादकांनीं ही लकब बहुतांशीं टाकलेली आहे. त्यांचा स्वर निवळ, पाऊल सावकाश, आणि शेवटच्या भागांत म्हाताऱ्या संचालकानें प्रत्येक वाक्य पुरतें संपूं दिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, १९३८ ची ती घाई म्हणजे येणाऱ्या संकटाची चाहूल होय. हें मत आम्हांस सावधपणें घ्यावेसें वाटतें. व्हिएन्नांत त्या दिवसांत भीति नव्हती असें नाहीं. परंतु वाजविणाऱ्यांस मार्च महिना ठाऊक नव्हता, तो आपणांस ठाऊक आहे. त्या तबकडींतील कारुण्य कांहीं अंशीं संगीताचें आणि कांहीं अंशीं आपल्या इतिहासज्ञानाचें आहे, आणि ज्यास हा भेद करतां येत नाहीं तो संगीताऐवजीं स्वतःच्या हळवेपणाची स्तुति करीत असतो. भेद केल्यावरहि एक गोष्ट उरते. ती मैफल एकदां झाली आणि तशी पुन्हां होणें नव्हतें. आज तिची साक्ष देणारें, लेखी वर्णनांखेरीज, त्या खांचेवांचून दुसरें कांहीं नाहीं. १९६१ चें मुद्रण समजुतीचें आहे, १९३८ चें साक्षीचें. सिंफनीची घडण समजून घेण्यास आम्ही पहिल्यानें दुसरेंच सुचवूं. परंतु ज्याच्या घरीं दोन्ही आहेत त्यासच माहलर आणि वाल्टर हे दोन वेगळे पुरुष आहेत हें उमगेल.

आणि येथेंच संग्राहकाच्या बाजूचा खरा युक्तिवाद सांपडतो. आपल्या ख्यालांत रचना आणि गायन ह्यांची फारकत करतां येत नाहीं. बंदिश चार ओळींची, बाकी सर्व गवयाचें. वाद्यवृंदाच्या कृतींत प्रत्येक स्वर आधींच लिहिलेला असतो, म्हणून फरक पडतो तो केवळ वाचण्यांत. गीता एकच, तिच्यावर ज्ञानेश्वरांनीं लिहिलें, वामन पंडितांनीं लिहिलें, लोकमान्यांनीं लिहिलें, आणि तिघांच्या हातीं ती तीन वेळां नव्यानें उलगडली. एका सिंफनीच्या पांच तबकड्या ह्या पांच टीका होत. त्या शेजारीं ठेवणारा मनुष्य हांवरा नसून अभ्यासक असूं शकतो. अट एकच, कीं त्यानें त्या वाचाव्या.

आपल्याकडे ह्या छंदास आणखी एक अर्थ आहे. मुंबईंत मेहली मेहता ह्यांनीं १९३५ सालीं सिंफनी वाद्यवृंद उभारला, आणि त्यांचे चिरंजीव झुबिन १९५४ सालीं व्हिएन्नास शिकावयास गेले; २००६ सालीं मुंबईंतच पुन्हां एक वाद्यवृंद स्थापन झाला. परंतु आम्ही वाढलों त्या गांवीं चार व्हायोलिनें एकत्र वाजलेलीं कोणीं ऐकलीं नव्हतीं. आम्हांस तबकडी ही मैफलीची आठवण नव्हती. तीच मैफल होती. एका प्राध्यापकांनीं आपल्या घरीं आम्हां पांच-सहा विद्यार्थ्यांस जमिनीवर बसवून ज्या तबकड्या ऐकविल्या त्या साध्या, पुनर्मुद्रित आणि चरे पडलेल्या होत्या. त्यांचा रंग कोणता होता हें आज आठवत नाहीं. काय ऐकलें तें सर्व आठवतें.

स्नेह्यांच्या कपाटाची मोजदाद करण्यास आम्हांस तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारीं एक गोष्ट लक्षांत आली. कित्येक कृतींच्या त्यांच्यापाशीं दोन-दोन प्रती होत्या. एक पहिल्या छापेची, मोलाची, आणि एक मागाहून निघालेली, स्वस्त. तबकडीच्या मधल्या छिद्राभोंवतीं कागदावर यंत्राच्या खुंट्याच्या बारीक रेघा उमटतात. अंधारांत तबकडी बसवितांना हात चुकतो आणि रेघ उठते. मोलाच्या प्रतींवर त्या रेघा जवळजवळ नव्हत्या. स्वस्त प्रतींवर त्यांचें जाळें झालें होतें, आणि वाल्टर ह्यांच्या १९६१ च्या माहलरची जी साधी प्रत होती तिच्या शेवटच्या बाजूवरील कागद तर छिद्रापाशीं पांढरा पडला होता. वहींत त्या स्वस्त प्रतींची नोंदच नव्हती. जी मालमत्ता होती ती त्यांनीं लिहून ठेवली; जें ऐकलें तें लिहिण्याची गरज त्यांस वाटली नाहीं. आम्हीं वही वाचून मनुष्याची परीक्षा केली होती, आणि ती चुकली होती.

तथापि त्यामुळें बाजाराचें मोल बरोबर ठरत नाहीं. उलट त्याची विपरीतता उघड होते. बाजार न वाजविलेल्या तबकडीस अधिक पैसे देतो. जिच्यावर आमच्या मित्राच्या वीस वर्षांच्या रात्री गेल्या ती त्याच्या हिशेबीं कचरा, आणि जी वेष्टनांतून क्वचितच बाहेर आली ती धन. आम्हीं त्यांच्या पत्नीस हें जसेंच्या तसें सांगितलें, मोलाच्या प्रती कोणत्या आणि त्यांचा अंदाज काय तें लिहून दिलें, आणि त्या विकण्यास संकोच करूं नये असें सुचविलें. उरलेल्या तबकड्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्याव्या असेंहि म्हटलें. त्यांनीं त्या पांढऱ्या कागदाची जोडी हातांत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "रात्री दिवा मालवून लावायचे ती हीच ना? ही राहू दे मग." आम्हीं ती यादींतून वगळली.

ज्यांस हा छंद लागला आहे किंवा लागूं पाहत आहे, अशा वाचकांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. पहिल्या छापेची पारख अवश्य करावी, कारण तींत खरा फरक असतो. परंतु ती पारख कानांनीं करावी. एका कृतीच्या अनेक तबकड्या घ्याव्या, पण एकीचा पुरता परिचय झाल्यावर दुसरी घ्यावी. मुलांस तबकडीस हात लावूं देऊं नये असा नियम कित्येक घरांत असतो. त्याऐवजीं ती कडेला धरून कशी उचलावी, धूळ कशी टिपावी आणि सुई अलगद कशी टेकावी, हें त्यांस शिकवावें. एखादा चरा पडेल, पडूं द्यावा. आणि वही ठेवणें झाल्यास तींत किंमतीच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना आंखून त्यांत काय ऐकलें तें लिहावें. आमच्या स्नेह्यांनीं तेवढें केलें असतें तर कपाटापुढें बसून त्यांच्याविषयीं आम्हीं जो अन्याय मनांत आणला, तो टळला असता.